कॉर्डलेस फोनची रेंज आणि आवाज कसा तपासावा

घरी कॉर्डलेस फोन घेतलेल्या ग्राहकांच्या तक्रारी बहुधा दोन असतात: आतल्या खोलीत गेले की बोलणे तुटते, किंवा फोनवर सतत खरखर ऐकू येते. या दोन्हींची कारणे सहसा वेगळी असतात, आणि ती न तपासता फोन बदलून आणला तर नव्या फोनवरही तोच अनुभव येण्याची शक्यता राहते.

आधी आवाजाकडे लक्ष द्यावे. जुन्या अॅनालॉग फोनमध्ये बेसपासून, म्हणजे टेलिफोनच्या लाइनला जोडलेल्या भागापासून, दूर जावे तशी खरखर वाढत जाई. हल्लीच्या डेक्ट (कॉर्डलेस फोनसाठीचे डिजिटल मानक) पद्धतीच्या फोनमध्ये मात्र आवाज बऱ्याच अंतरापर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम शब्द गळू लागतात. त्यामुळे डिजिटल फोन घेऊन बेसशेजारी उभे असतानाही खरखर किंवा घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर तो दोष रेंजचा नव्हे. अशा वेळी त्याच सॉकेटला साधा वायरचा फोन लावून पाहावा. त्यावरही खरखर आली तर दोष लाइनचा किंवा घरातल्या वायरिंगचा आहे, आणि तक्रार टेलिफोन कंपनीकडे करावी. तांब्याच्या तारेवरूनच ब्रॉडबँड येत असेल तर फोनच्या वायरीला स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे संकेत वेगळे करणारी छोटी डबी) लावलेला आहे ना, हेही पाहावे. तो नसला की फोनवर इंटरनेटचा गोंगाट ऐकू येतो.

रेंजची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. खोक्यावर बऱ्याचदा मोकळ्या जागेत 300 मीटर आणि घरात 50 मीटर असे आकडे असतात. पहिला आकडा मधे काहीही आडवे नसलेल्या मैदानाचा असल्याने घरासाठी तो सोडूनच द्यावा. आरसीसीच्या भिंती आणि स्लॅब, जुन्या घरांतल्या जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा हे सगळे लहरी अडवतात. म्हणूनच एकाच मॉडेलची कोणी स्तुती करतो आणि कोणी त्याला नावे ठेवतो. ग्राहकाचा अभिप्राय वाचताना त्याचे घर कसे आहे, हे मी आधी शोधतो, आणि ते लिहिलेले नसेल तर त्या अभिप्रायावर निर्णय घेत नाही.

घरात चाचणी घेण्यासाठी एखाद्या नातेवाइकाला फोन लावून त्याला सावकाश एकपासून शंभरपर्यंत आकडे मोजायला सांगावे, आणि हँडसेट कानाशी धरून स्वयंपाकघर, गॅलरी, जिना असे फिरावे. एखादा आकडा अर्धवट ऐकू आला की ती जागा लक्षात ठेवावी. मग बेस कपाटाच्या आडून काढून घराच्या मध्याजवळ, उंच फळीवर आणि राउटरपासून निदान मीटरभर दूर ठेवून पुन्हा तशीच फेरी मारावी. जागा थोडी बदलल्यानेही मोठा फरक पडू शकतो. सेटिंगमध्ये इको मोड चालू असेल तर तो बंद करावा, कारण काही मॉडेलांत तो प्रक्षेपणाची शक्ती कमी करतो.

एवढे करूनही वरच्या मजल्यावर बोलणे तुटत असेल तर रिपीटर, म्हणजे बेसचे संकेत पुढे पोहोचवणारे उपकरण, घ्यावा. मात्र तो आपल्या मॉडेलशी जुळतो का, हे दुकानदाराकडून खात्रीने विचारून घ्यावे. ही सारी तपासणी फोन बदलून मिळण्याची मुदत संपण्यापूर्वी उरकावी.