सकाळी मोबाइल बंद केला आणि घरच अडलं? या चुका टाळा

'उद्यापासून सकाळी मोबाइल बंद' असं रविवारी रात्री ठरतं आणि बुधवारी पोह्यांच्या बशीसमोर पुन्हा कार्टून लागतं. त्यात मुलाचा हट्ट थोडाच असतो. सकाळच्या घाईत मोबाइल बरीच कामं उरकत असतो: गजर, घड्याळ, शाळेचे निरोप आणि मुलाला एका जागी बसवून भरवणं. ही कामं आधी दुसरीकडे सोपवा, मगच तो बाजूला ठेवा.

गजराचं काम सोपं आहे. पेन्सिल सेलवर चालणारं घड्याळ आणा आणि मोबाइल रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा. व्हॅनवाल्या काकांच्या फोनसाठी रिंग मोठी ठेवली तरी पुरतं. शाळेचा ग्रुप रात्री साडेआठला एकदा बघा आणि 'उद्या पांढरा गणवेश, चित्रकलेची वही' असं कागदावर लिहून फ्रीजवर लावा. सकाळी 'फक्त निरोप बघते' म्हणून उघडलेला फोन लवकर खाली ठेवला जात नाही, आणि मूल ते बघत असतं.

वेळेचं गणितही चुकतं. व्हॅन 7:10 ला असेल तर 6:40 ला उठवून भागत नाही. दात आणि शौच 15 मिनिटं, आंघोळ 10, कपडे 10, खाणं 20, बूट-दप्तर 5, म्हणजे तासभर झाला. वर 10 मिनिटं हाताशी ठेवा आणि 6 ला उठवा. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, म्हणजे रात्री नऊला झोप लागलेली हवी. अकराला झोपणाऱ्याला एकदम नऊला आडवं केलं तर ते नुसतं लोळत राहील. दर तीन-चार दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे आणा. महाराष्ट्रात 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना आहेत. शाळा तशी असेल तर उलटी पंचाईत होते: मधला रिकामा तास टीव्ही खातो. त्या वेळात मटार सोलायला किंवा कुंड्यांना पाणी घालायला बसवा.

सगळ्यात अवघड भरवणं. कार्टून बघणारं मूल घास न बघता तोंड उघडतं; पोट भरलं की नाही हे त्याला कळतच नाही. त्यामुळे स्क्रीन काढली की पहिले काही दिवस ते निम्मंच खातं आणि घाबरून आपणच फोन पुढे करतो. इथेच धीर धरायचा. उठल्याउठल्या पेलाभर दूध देऊ नका, त्याने भूक मरते. अर्धा कप द्या, तोही खाण्यानंतर. अर्धी वाटी पोहे किंवा तूप-साखर लावून अर्ध्या पोळीची गुंडाळी वाढा, हवं तर मागून घेईल. घरातल्या एकाने तरी सोबत बसून खावं. वीस मिनिटांनी न रागावता ताट उचला आणि मधल्या सुट्टीच्या डब्यात थोडं जास्त घाला. परीक्षेच्या आठवड्यात मात्र हे सुरू करू नका.

चौथ्या दिवशी वीस मिनिटांच्या रडण्यानंतर फोन दिलात, तर वीस मिनिटं रडलं की फोन मिळतो हे मूल शिकतं आणि पुढच्या वेळी जास्त रडतं. म्हणून आजी-आजोबांशी आधी बोला. आजोबांना सकाळच्या बातम्या हव्यात? मुलं घरात असेपर्यंत रेडिओ लावा, वर्तमानपत्र आहेच.

'पटकन आवरलंस तर दहा मिनिटं कार्टून' हे आमिषही दाखवू नका. मूल दात न घासताच धावतं आणि बूट घालायच्या वेळी टीव्ही बंद करण्यावरून रडारड होते. लवकर आवरलं तर पाच मिनिटं आधी खाली उतरा. सोसायटीतल्या मांजरीची पिल्लं बघत व्हॅनची वाट बघता येते.