पद्मिनीचा कार्बोरेटर घरी बदलताना या चुका टाळा

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी बंद होऊन दोन दशके उलटली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तरीही मुंबई, पुणे, कोल्हापूर, गोवा अशा ठिकाणी घरोघरी जपलेल्या पद्मिनी अजून धावत आहेत, आणि त्यांचे १०८९ सीसीचे इंजिन इतके साधे आहे की त्यावर घरच्या घरी काम करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो मोह चांगलाच आहे. मात्र गाडी थोडी अडखळली की पहिला दोष कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, माथी मारायचा, नवा आणून बसवायचा, आणि तरीही गाडी सुधारली नाही की तो नवाही खराब निघाला असे म्हणायचे, हा क्रम मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की कार्बोरेटर जितक्या वेळा बदलला जातो, तितक्या वेळा तो दोषी नसतो. आणि जेव्हा तो खरोखर बदलावा लागतो, तेव्हा कामाचे यश नव्या कार्बोरेटरपेक्षा तो ज्या बैठकीवर बसतो त्या बैठकीवर अधिक अवलंबून असते.

पहिली चूक अर्थातच निदान न करता बदलण्याची. मिसिंग, पिकअप नसणे, चढावर दम लागणे ही लक्षणे कार्बोरेटर बिघडल्यावर दिसतात हे खरे, पण सीबी पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे संपर्क) झिजले, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर कमजोर झाला, ठिणगीचे टायमिंग मागे गेले किंवा एखादा टॅपेट घट्ट राहून व्हॉल्व्ह नीट बंद होत नसला, तरी हुबेहूब हीच लक्षणे दिसतात. म्हणून कार्बोरेटरला पाना लावण्यापूर्वी पॉइंटची फट आणि टायमिंग गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावे, टॅपेट तपासावेत, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे आणि मगच पुढे जावे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरेच कमी असेल, तर जगातला कोणताही कार्बोरेटर ती गाडी सुरळीत करणार नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) याच वेळी पाहावा. ऑइलची काठी काढून वास घेतला आणि त्याला पेट्रोलचा दर्प आला, तर डायफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी गाडी तशीच चालवणे म्हणजे बेअरिंगांचा जीव घेणे आहे. ही सगळी तपासणी एका सकाळीत होते. ज्यांना एवढी सकाळही द्यायची नाही, त्यांनी कृपया जुन्या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. कार्बोरेटर खालच्या बैठकीवर दोन स्टडांच्या आधाराने बसतो. त्याची बॉडी जस्ताच्या मऊ मिश्रधातूची असते, लोखंडाची नव्हे. नवशिक्या माणूस नट जितका घट्ट तितके काम पक्के असे समजून लांब दांड्याचा पाना लावतो आणि अंगाचा जोर देतो. त्यात बाजारात मिळणारे जाड, मऊ पॅकिंग खाली घातलेले असते. परिणाम असा होतो की स्टडाजवळचे दोन्ही कान खाली ओढले जातात, फ्लँज (कार्बोरेटरची बुडाची सपाट कड) धनुष्यासारखा वाकतो आणि मधल्या भागातून इंजिन बाहेरची हवा ओढू लागते. एकदा फ्लँज वाकला की नट आणखी घट्ट केल्याने गळती वाढते, कमी होत नाही. आणि नेमके तेच प्रत्येक जण करतो.

साताऱ्याच्या एका स्नेह्यांच्या पद्मिनीचे असेच झाले. त्यांनी घरी नवा कार्बोरेटर बसवला, गाडी सुरू झाली, पण स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाची संथ चाल, काही बसेना. इंजिन आपोआप चढायचे, पुन्हा पडायचे, सिग्नलला बंद व्हायचे. त्यांनी गाडी एका वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथे पॉइंट बदलले, प्लग बदलले, शेवटी कार्बोरेटरही पुन्हा बदलला, आणि लक्षण जसेच्या तसे राहिले. त्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा सूर गाडी विकून टाकण्याचा होता. मी जाऊन प्रथम मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवला. निरोगी इंजिन अशा वेळी बंद पडते, कारण स्लोचे मिश्रण त्याच वाटेने येते. हे इंजिन मात्र जरासुद्धा बदलले नाही. याचे अर्थ दोनच निघतात: एक तर थ्रॉटल इतका उघडा ठेवला आहे की स्लोचा मार्ग बाजूला पडला आहे, किंवा कुठून तरी आगंतुक हवा येत आहे. मग झाडांना पाणी मारायच्या फवाऱ्याने फ्लँजच्या कडेला बारीक फवारा मारला. क्षणभर इंजिनाचा आवाज दबला, जणू कोणी तोंडावर हात ठेवला असावा, आणि पुन्हा पूर्ववत झाला. पाण्याने तेवढ्यापुरती फट बुजवली होती.

कार्बोरेटर उतरवून फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी धरली आणि उजेडाकडे केली, तर मधोमध प्रकाशाची रेघ दिसत होती; ०.२ मिलिमीटरचे फिलर गेज त्या फटीतून सहज सरकले. वर्कशॉपमध्ये बदललेला दुसरा कार्बोरेटरही त्याच जोराने आवळल्यामुळे तसाच वाकला होता. मी अशा वेळी जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर अंथरतो, त्यावर थोडे रॉकेल टाकतो आणि थ्रॉटल बंद ठेवून, सगळे जेट (पेट्रोलचे माप ठरवणारे बारीक छिद्रांचे भाग) काढून, फ्लँज इंग्रजी आठच्या आकड्यात सावकाश घासतो. सुरुवातीला फक्त दोन्ही कानांवर चकाकी येते आणि मधला भाग काळपट राहतो. हळूहळू ती चकाकी मध्यापर्यंत पोहोचते आणि सगळा पृष्ठभाग एकसारखा दिसू लागतो, तेव्हाच थांबावे. त्यानंतर बॉडी पुन्हा पुन्हा धुऊन, प्रत्येक छिद्रातून हवेचा दाब देऊन, घासलेला कण एकही आत राहणार नाही याची खात्री करणे अत्यावश्यक आहे. खालची बैठक आणि मधला बेकेलाइटचा ठोकळा असल्यास तोही अशाच पट्टीने तपासावा. जुने ठोकळे अनेकदा तडकलेले असतात, आणि कार्बोरेटरपर्यंत इंजिनाची उष्णता कमी पोहोचवणे हे त्यांचे काम असल्यामुळे ते काढून टाकण्याची युक्ती उन्हाळ्यात महागात पडते. बसवताना नवे, पातळ पॅकिंग वापरावे, आखूड पाना घ्यावा, मनगटाच्याच जोराने दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत, आणि गाडी एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा हात लावून पाहावेत. त्या स्नेह्यांची गाडी याच कार्बोरेटरवर आजही चालते आहे.

फ्लँज वाकला आहे म्हणून त्यावर सिलिकॉन किंवा कोणताही सीलंट थापणे हा उपाय नव्हे. साधे सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि आत ओढले जातात.

जेट साफ करायला तार घालू नये. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरच्या मुख्य जेटवर १२५ असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ छिद्र १.२५ मिलिमीटरचे आहे असा होतो. छिद्र १.३० झाले तरी क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी वाढते, आणि मग प्लग काळे का पडतात याचा शोध घेत माणूस हिंडतो. जेट द्रावणात भिजवावा, हवेने फुंकावा, उजेडाकडे धरून छिद्र गोल दिसते का पाहावे, एवढे पुरे.

मिक्स्चर स्क्रू आत टेकेपर्यंत बोटाने फिरवावा आणि तेथून दीड फेरा बाहेर काढून सुरुवात करावी. स्क्रूड्रायव्हरने आवळला तर टोकावर कायमची कडी उमटते आणि बारीक समायोजन पुन्हा कधीच होत नाही. हे सगळे इंजिन पूर्ण तापल्यावर करावे; थंड इंजिनावर चोक ओढून स्लो लावणारे लोक मला अजून भेटतात.

चोकविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सोलेक्सच्या या घराण्यात चोक म्हणजे वरच्या तोंडावरचे झाकण नसून थंड इंजिनाला जादा मिश्रण पुरवणारी चकती असलेला वेगळा मार्ग असतो. केबल एक-दोन मिलिमीटर ओढलेली राहिली, तरी तो मार्ग पूर्ण बंद होत नाही आणि गाडी जास्तीचे पेट्रोल पीत राहते. वरून पाहून चोक उघडा आहे असे समजू नये. केबलचा स्क्रू आवळण्यापूर्वी लिव्हर हाताने पूर्ण मागे ढकलून पाहावा.

ॲक्सिलरेटरचे लिंकेज जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी घरातील कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगावे आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहून थ्रॉटल पूर्ण उघडतो का, आणि पेडल सोडताच कुठेही न अडकता परत येतो का, हे डोळ्यांनी पाहावे. डिस्ट्रिब्युटरला (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाला) व्हॅक्यूमची नळी असेल तर ती जोडायला विसरू नये.

टाकीकडे दुर्लक्ष ही तिसरी मोठी चूक. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज असतोच. नवा कार्बोरेटर अशा टाकीला जोडला की थोड्याच दिवसांत फ्लोटच्या वाटीत तांबडा गाळ साचतो, वाटीत येणारे पेट्रोल रोखणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली कण अडकतो आणि ओव्हरफ्लो सुरू होतो. त्यातच २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आहे. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवते, हवेतले पाणी शोषते, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या रबराला फुगवते किंवा भेगा पाडते. कोकणात किंवा गोव्यात पावसाळाभर गाडी उभी ठेवणाऱ्यांनी म्हणूनच वाटी रिकामी करून ठेवावी. कार्बोरेटर बदलताना पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉल चालणाऱ्या प्रतीच्या घ्याव्यात, पंपाचा डायफ्रामही तसाच निवडावा आणि मध्ये फिल्टर बसवावा. या इंधनात हवेचे प्रमाण कमी लागते, त्यामुळे पूर्वी बरोबर चालणाऱ्या जेटने मिश्रण आता थोडे पातळ (पेट्रोल कमी असलेले) पडू शकते. चढावर गाडी उसळत असेल आणि प्लग पांढुरके दिसत असतील, तर मुख्य जेट एक माप मोठा घेऊन पाहावा. ते माप विकत घ्यावे, ड्रिलने तयार करू नये.

मूळ पंप काढून इंजेक्शनच्या गाडीचा इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. तो पंप सुमारे ३ बारचा दाब देतो. कार्बोरेटरची नीडल त्याच्या दहाव्या भागाइतकाच दाब सहन करते. पेट्रोल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर सांडेल.

आगीबद्दल कोणी हलगर्जीपणा केला की मला खरोखर राग येतो. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढावी. पार्किंगच्या शेजारी पाण्याच्या मोटरचा स्विच असेल, तर काम संपेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही अशी व्यवस्था करावी. पुष्कळ जण सकाळी गाडीला हळदकुंकू वाहून डॅशबोर्डवर उदबत्ती लावतात. त्या दिवशी ती लावू नये. पावडरचा अग्निशामक हाताशी असावा, बॉनेटखाली नव्हे.

खरेदीबद्दल थोडेसे. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा कुर्ल्यात काय, नवा म्हणून मिळणारा प्रत्येक कार्बोरेटर नवा नसतो. पॉलिश केलेला जुनाही असतो. थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून वर-खाली हलवून पाहावा. खुळखुळला, तर तिथूनही हवा जाणार. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून पाहावा. बुडबुडे आले तर त्याचा जोड फुटला आहे. बॉडीवरचा क्रमांक आणि आतल्या जेटांचे आकडे आपल्या जुन्या कार्बोरेटरशी ताडून पाहावेत. लहान इंजिनाच्या दुसऱ्या गाडीचा कार्बोरेटर अडॅप्टर प्लेट घालून बसवला की मायलेज वाढते, असे सांगणारे पुष्कळ आहेत. स्लोला ती गाडी बरी वाटतेही. खंडाळ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना तिची दमछाक होते.

आणि जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नये. त्याची मूळ बॉडी बहुधा आजच्या नव्या मालापेक्षा चांगली ओतलेली असते. दांडा खुळखुळत असेल तर चांगला टर्नर पितळेचे बुश बसवून देतो. त्यानंतर फ्लँज घासून, नवी नीडल आणि नवे पॅकिंग घालून तो पुन्हा अनेक वर्षे चालतो. तोपर्यंत सर्व जेट जागच्या जागी ठेवून, तोंडे कापडाने बांधून, पिशवीवर गाडीचे आणि जेटांचे आकडे लिहून तो कोरड्या जागी ठेवावा.