रायफल नेम धरत नाही म्हणता? आधी या चुका टाळा

"रायफल कुठली घेऊ, एकदम अॅक्युरेट पाहिजे" हा प्रश्न पाटण-कराडकडनं पार जत-आटपाडीपर्यंत सगळीकडनं येतो, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ मारल्यापासून तर जास्तच. आधी एक क्लिअर करतो. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, रानडुकरानं ऊस लोळवला आणि खिशात लायसन असलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही, गव्याचा तर विषयच सोडा. त्यामुळं हे पीक संरक्षणाचं लायसन असलेल्यांसाठी आणि रेंजवर कागद फोडणाऱ्यांसाठी.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे तीन गोळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांच्या घोळक्यावर, भाळणं. टिक्का, हॉवा असल्या परदेशी हंटिंग रायफलींच्या जाहिरातीत एक एमओए लिहिलेलं असतं, म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटरचा ग्रुप, ते वाचून आपला देशी .३१५ बोअरची रायफलवाला उगाच नाराज होतो. अहो, तीन गोळ्या नशिबानंही जवळजवळ पडतात. दहा झाडा, मधे नळी गार होऊ द्या, हंटिंग रायफलीची नळी पातळ असते, ती तापली की गोळ्या सरकायला लागतात. आणि सगळ्या गोळ्या एका जागी पण डावीकडं पडल्या तर रायफल चांगलीये, नुसती साईट, म्हणजे नेम धरायची खूण, सरकवायची. कागदभर विखुरल्या तर मग शोधाशोध.

शोधाशोध स्क्रूपासनं करा. रायफल खराब म्हणून विकायला काढतात आणि निघतो काय, तर दस्त्याचा नाहीतर स्कोपच्या (नेमाच्या दुर्बिणीच्या) रिंगचा स्क्रू ढिला. स्कोप धरून हळूच पिळून बघा, केसभर जरी हलला तरी बाकी सगळं टेस्टिंग वाया. पण म्हणून ताकद लावून आवळू पण नका, स्कोपची ट्यूब दबते.

मग लाकूड. हे आपल्याकडं कुणी धरतच नाही. कोयनेच्या, महाबळेश्वरच्या पावसात लाकडी दस्ता फुगतो आणि माण-खटावच्या उन्हात आकसतो, म्हणजे जूनमध्ये सेट केलेली रायफल मार्चला दुसरीकडंच मारते. कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या मधनं सरकवून बघा, कुठं अडकते ते कळतं. मात्र लगेच पॉलिश पेपर घेऊन घासायला बसू नका राव! बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली .३१५ ही ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या वळणाची, त्या जातीत लाकूड नळीला काही ठिकाणी मुद्दाम टेकवलेलं असतं, ते घासलं की होता तो नेमही गेला. लायसनवाल्या गनस्मिथलाच दाखवा.

काडतुसाचं म्हणाल तर एका लॉटची, म्हणजे एका खेपेत बनलेली, वेगळी, दुसऱ्याची वेगळी, मिसळून ग्रुप काढला तर काय कळणार.

जुनी घेताना नुसती पॉलिश बघू नका, रायफल रिकामी आहे ना ते आधी दोनदा बघा, मग नळीचं तोंड टॉर्च मारून बघा. तिथं आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांच्या) कडेला ठोकर लागलेली असली की गोळी बाहेर पडतानाच वाकडी ढकलली जाते.

आणि जास्त ताकदीच्या काडतुसाचा सोस. .३०-०६ घ्यायची, तिचा धक्का खांद्याला बसला की पुढच्या गोळीला ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायचे, आणि शिव्या रायफलीला. हे पकडायचं तर रेंजवर मित्राला म्हणा मला न दाखवता मधेच एखादं डमी, म्हणजे न उडणारं, काडतूस भर. डमीवर ट्रिगर ओढल्यावर नळीचं तोंड खाली डुचकलं की समजायचं, प्रॉब्लेम खांद्यात आहे. दोन-चार जणांचं असंच निघतं, चेहरा बघण्यासारखा होतो एकेकाचा.

नवशिक्यांनी खरं तर एअर रायफल घ्यावी, बोअर ०.१७७ इंच आणि पेलेटचा (छर्‍याचा) जोर २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन लागत नाही. पण स्प्रिंगवाली असेल तर ती घट्ट आवळून धरू नका, वाळूच्या पिशवीवर दाबून तर अजिबात नको. पेलेट नळीतनं बाहेर पडायच्या आधीच आतला पिस्टन रायफलीला मागं-पुढं हलवतो, दर वेळी सारख्याच ढिल्या हातानं धरली तरच ग्रुप जमतो. तिच्यावर स्प्रिंग रायफलीसाठी न बनवलेला साधा स्कोप पण लावू नका, त्या दुहेरी झटक्यानं आतली क्रॉसहेअर (नेमाची फुली) निखळते आणि दुकानदार बदलून देत नाही.