थंड गाडी लवकर सुरू होत नाही? प्लग बदलण्याआधी स्लो जेट उघडा

एकदा गरम झाली की दिवसभर एका किकमध्ये उठणारी गाडी सकाळी मात्र पंधरा-वीस किका खात असेल, तर लोक हमखास दोन सल्ले देतात: नवा प्लग टाक, नाहीतर बॅटरी बदल. मी दोन्ही केलं होतं. नव्या प्लगनिशी आणि नव्या बॅटरीनिशी गाडी तितकीच रडत होती.

पुढचं सगळं कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडीबद्दल आहे. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवल्यावर पंपाची घरघर थांबू द्या, मगच सेल्फ मारा.

पेट्रोलचा कॉक चालू आहे ना, बघा. गाडी काही महिने उभी होती तर जुनं पेट्रोल काढून टाका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं की बॅटरीचा विषय संपला.

मग चोक. पूर्ण ओढायचा आणि एक्सलेटरला हात लावायचा नाही. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक जास्तीचं पेट्रोल ओढून देतो, आणि ते इंजिनाच्या खेचण्यावर ओढलं जातं. तुम्ही रेस दिलीत की ती खेच ढिली पडते. "थोडी रेस देऊन मार" सांगणाऱ्याला लांब उभं करा. चोकची केबल असेल तर खाली वाकून बघा, दांडा हलतो तसं कार्ब्युरेटरकडचं टोकही हलतंय का.

आठ-दहा किका मारून प्लग काढा. ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, करंट तपासा. प्लग इंजिनाला टेकवून किक मारायची आणि ठिणगी पडते का बघायचं, पण प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. कोरडा निघाला तर अडचण कार्ब्युरेटरमध्ये आहे.

आणि चोक आत ढकलताच गाडी बंद पडत असेल, रेस धरून ठेवली तरच जगत असेल, तर बहुतेक वेळा स्लो जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलेला असतो. हा जेट मुख्यतः आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) आणि अगदी कमी रेसला पेट्रोल पुरवतो. त्याहून जास्त रेसला मोठा मेन जेट सांभाळून घेतो, म्हणून रस्त्यावर गाडी झकास पळते आणि संशय भलतीकडेच जातो.

कॉक बंद करून फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा करा आणि उतरवा. मधोमध उठून दिसतो तो मेन जेट. त्याच्या शेजारी अरुंद नळीत खोल बसलेला बारीक जेट आपला. जेट पितळेचा असतो, म्हणून खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. मी एकदा हाताला लागला तो घेतला, खाच गोल झाली आणि तो जेट काढण्यात अख्खी दुपार गेली.

जेट उजेडासमोर धरा. भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. त्यातून स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. अंधुक किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर तुंबलाय. इथे सुई घालायची नाही. मी घातली होती. भोक मोठं झालं, गाडी आयडलला काळा धूर सोडायला लागली, शेवटी नवा जेट आणावा लागला. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, हवा मारा. अगदीच हटून बसला तर विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार चालेल. जेटच्या अंगावरची आडवी भोकंही साफ करा.

नुसता जेट धुऊन परत बसवू नका, तो जिथे बसतो ती वाटही मोकळी हवी. पण त्याआधी मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू हलकेच पूर्ण आवळा, किती फेरे बसले ते कागदावर लिहा, मगच काढा. त्याच्यामागे स्प्रिंग आणि छोटी रबरी रिंग असते, ती हरवते. रबराच्या बाकीच्या वस्तूही बाजूला काढा, क्लीनरने त्या फुगतात. आता वाटेत फवारा मारा. कार्ब्युरेटरच्या घशातल्या बारीक छिद्रातून धार उडाली पाहिजे. चष्मा लावा. ती धार थेट डोळ्यात येते, हे मी अनुभवाने सांगतोय. सगळं बसवा, स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवरच ठेवा.

तरीही तीच रड असेल तर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) बघा. इंजिन थंड असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या गॅपप्रमाणे. टॅपेट वाजत नाही म्हणून खूश असणाऱ्यांचेच टॅपेट बऱ्याचदा जास्त घट्ट असतात. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं.

काम झालं की लगेच किक मारून बघाल, गाडी उठेलही. पण ती खरी परीक्षा नाही. रात्रभर उभी ठेवा. सकाळी पूर्ण चोक, रेस नाही, दोन-तीन किका. मिनिट-दोन मिनिटांनी चोक हळूहळू आत करा. आयडल टिकलं तर हत्यारं आवरा. विझली तर वाट अजून तुंबलेली आहे, चेंबर पुन्हा उघडा.