तिसरी-चौथीच्या पोरांचा पोवाडा कसा बसवायचा

स्नेहसंमेलनाला महिना उरला की बाहेरून डान्सवाले सर बोलवायचे, पेनड्राइव्हवरचं गाणं लावायचं आणि पोरं रांगेत नाचवायची. यातून व्हिडिओ चांगला मिळतो. पोराच्या वाचनात, बोलण्यात, दुसऱ्याचं ऐकण्यात फारसा फरक पडत नाही. तो हवा असेल तर कला वेळापत्रकात आली पाहिजे: जूनपासून आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका. कोल्हापुरात त्यासाठी पोवाडा सगळ्यात सोयीचा. सामान थोडं लागतं, आणि चढा आवाज, ठेका, हातवारे या वयाच्या मुलांना शिकवावे लागत नाहीत, आवरावे लागतात.

वर्गात आठ-आठ जणांचे फड करा. एक शाहीर, चार झीलकरी (शाहिरामागं ओळ उचलून धरणारे), आणि डफ, तुणतुणं, झांज यांवर एकेक. जागा दर आठवड्याला बदला, नाहीतर धीट मुलगा वर्षभर शाहीर राहतो आणि लाजरा झांजेमागे लपतो. लाजऱ्याला आधी झीलमध्ये उभा करा. चौघांत त्याचा आवाज झाकला जातो, पण ‘जी जी रं जी’ वेळेवर उचलायला शाहिराकडे कान द्यावाच लागतो. तिथं रुळला की त्याला एकट्याला एकच ओळ द्या.

तासिकेची पहिली पाच मिनिटं श्वास आणि हुंकार, दहा मिनिटं ठेका, बारा मिनिटं चाल. उरलेल्या आठात एका फडानं सादर करायचं, बाकीच्यांनी काय ऐकू आलं ते सांगायचं. हे शेवटचं गाळू नका.

ठेका आधी तोंडानं, मग टाळीनं, शेवटी डफावर. आठ मात्रांचा केरवा पुरतो: धा गे ना ती, न क धी न. पोरं जोर वाढला की लयही वाढवतात आणि चौथ्या ओळीला शाहिराची दमछाक होते. उपाय साधा आहे: फडातला एक मुलगा ठेक्यावर जागच्या जागी पावलं टाकत राहील, बाकीच्यांनी त्याच्या पायाकडे बघायचं. सोळा आवर्तनं लय न वाढवता टाळी धरेल त्याच्याच हातात डफ, हा नियम पहिल्या दिवशीच सांगा. डफासाठी पोरं काहीही करतात.

सगळ्यात जास्त घोळ पट्टीत होतो. पुरुष शिक्षक स्वतःच्या सोयीनं काळी एक-दोनमध्ये, म्हणजे पेटीची पहिली-दुसरी काळी पट्टी सा धरून, चाल सांगतात. या वयात मुलाचा आवाज फुटलेला नसतो; त्याला मुलींसारखीच काळी चार-पाच सोयीची. खालच्या पट्टीत तो एकतर पुटपुटतो, नाहीतर ऐकू जावं म्हणून घसा ताणून ओरडतो, आणि आपण म्हणतो, याला सूर नाही. पेटीवर काळी चार धरा, तुणतुण्याची तार त्याला लावून घ्या, आणि तुम्हाला तिथं गाता येत नसेल तर चाल पेटीवर वाजवून द्या. घसा बसला तर त्या दिवशी फक्त टाळी.

कवन, म्हणजे पोवाड्याच्या ओळी, पोरांकडूनच करून घ्या. विषय गावातला घ्या: राधानगरीचं धरण, पन्हाळा, किंवा शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं तो हुकूम. सुरुवातीला एक जोड ओळ तुम्ही द्या:

सतरा साली हुकूम सुटला, पाटी-दप्तर घ्या रं,
करवीरच्या पोरांनो, साळंत सारे या रं

पहिला आठवडा कागद देऊ नका, ओळी कानानं पाठ होऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात त्याच ओळी छापून द्या आणि गाताना शब्दावर बोट ठेवायला सांगा. वाचनात अडखळणारा मुलगा इथं अडखळत नाही, कारण पुढचा शब्द त्याला माहीत असतो. अक्षराशी त्याची ओळख उलट बाजूनं होते. दोन चौकांमधलं (कडव्यांमधलं) गद्य निवेदन मात्र पाठ नको. मुद्दा सांगा, वाक्य त्याचं त्याला करू द्या.

पोवाड्यात जिजाऊंचा प्रसंग असला तर त्यांची भूमिका करायला मुलांतलं कुणी पुढं येत नाही, आला तर ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. भाषण देऊ नका, वर्ग केशवराव भोसले नाट्यगृहाकडं न्या. ज्यांचं नाव त्याला आहे त्या केशवरावांचं नाव आधी स्त्रीभूमिकांतून झालं, आणि शेजारीच खासबागेचं कुस्ती मैदान आहे. दोन्ही शाहू महाराजांनीच उभारलेली; नाट्यगृह मात्र २०२४ च्या आगीत जळालं. कुस्ती आणि नाटक यांत निवड करावी लागत नाही, हे पोरांना बघून कळतं.

डफ कातड्याचा असेल तर जुलै-ऑगस्टच्या ओलीत तो भदभद वाजतो. कडेला आपटून फायदा नाही. उन्हात किंवा मंद आचेपासून हातभर लांब धरून तापवा. जवळ नेला तर कातडं तडकतं. म्हणून पावसाळ्यात टाळी आणि गळा, वाद्यं दिवाळीनंतर. फायबरच्या पानाचा डफ ओलीत उतरत नाही, पण त्याचा आवाज वर्गात कर्कश लागतो.

संमेलनाआधी दर शनिवारी परिपाठात एक फड उभा करा, माइकशिवाय. संमेलनात माइक दोनच: एक शाहिरापुढं, दुसरा झीलकऱ्यांच्या मधोमध. डफवाला दोन्हीपासून चार पावलं मागं, नाहीतर पालकांना ठेकाच तेवढा ऐकू येतो.