कोणत्या कामाला किती वय? किशोरवयीनांनी आणि पालकांनी आपला प्रश्न कसा सोडवावा

महाराष्ट्रात दहीहंडीच्या थरावर चढण्यासाठी १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्यासाठी १६, मतदानासाठी १८, ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्यासाठी २१ आणि विधानसभेची लढवण्यासाठी २५. व्हिस्कीचा परवानाही २५ व्या वर्षापूर्वी मिळत नाही, म्हणजे आमदारकी आणि व्हिस्की या दोहोंसाठी कायद्याला सारखीच परिपक्वता अपेक्षित आहे. त्यामुळे ‘मूल सज्ञान केव्हा होते’ या प्रश्नाला ‘१८ व्या वर्षी’ असे उत्तर देणारा चुकत नसला, तरी त्याच्या उत्तराचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच होतो. आपण नेमके कोणते काम करणार आहोत हे आधी ठरवावे, त्या कामाचा कायदा कोणता हे मग पाहावे, आणि वयाचा आकडा सर्वांत शेवटी शोधावा. हे आकडे बदलतातही. दहीहंडीबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांची अट घातली होती; १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ देणार नाही, असे राज्य शासनाने २०१७ मध्ये न्यायालयास सांगितल्यानंतर ती १४ वर आली. म्हणून मोठ्या भावाच्या वेळी काय नियम होता, यावर विसंबू नये.

आधी जन्मतारखेचा कागद

कोणताही कायदा लागू करताना पहिला वाद तारखेचा होतो. आपल्याकडे एका पिढीतील असंख्य लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीची तारीख रजिस्टरात लिहिली. आजच्या किशोरवयीनांमध्ये हे प्रमाण कमी झाले असले, तरी जन्मदाखल्यावर एक तारीख आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात दुसरी, असा घोळ अजून आढळतो. दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी जन्माचा दाखला, शाळेतील नोंद आणि आधार कार्ड हे तिन्ही कागद शेजारी ठेवून तारीख, नाव आणि आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग ताडून पाहावे. शाळेतील नोंद विद्यार्थी शाळेत शिकत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यानंतर तीच दुरुस्ती अतिशय कटकटीची होते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिलेला आहे. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र प्रथम येते, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बालकांसाठी मात्र जन्मदाखला हाच मुख्य आधार ठरवण्यात आला आहे, त्यामुळे घरात लहान भावंड असेल तर त्याचा दाखला आताच काढून ठेवावा.

१८ वर्षे नेमकी केव्हा पूर्ण होतात, यावरही घराघरांत वाद होतात. भारतीय प्रौढत्व अधिनियम, १८७५ नुसार जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरला जातो आणि अठराव्या वाढदिवसाच्या आरंभीच व्यक्ती सज्ञान होते. ‘अठरावे लागले’ म्हणजे सतरा पूर्ण झाली. बोलण्यातील हा फरक कायद्यासमोर चालत नाही.

गाडीची किल्ली

वयाच्या कायद्याशी किशोरवयीनांचा सर्वांत जास्त संबंध येतो तो रस्त्यावर, आणि सर्वांत जास्त गैरसमजही येथेच आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या संमतीने परवाना मिळतो हे खरे, परंतु तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीसाठी. आज शोरूममध्ये ज्यांना आपण सरसकट ‘स्कूटी’ म्हणतो त्या गाड्या प्रामुख्याने १०० ते १२५ सीसीच्या असतात, त्यामुळे सोळाव्या वर्षीचा परवाना खिशात असूनही त्या चालवणे बेकायदेशीर ठरते. इतर सर्व खासगी वाहनांना १८ आणि व्यावसायिक वाहतुकीच्या वाहनांना २० वर्षांची अट आहे. विजेवर चालणाऱ्या ज्या दुचाकींची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असतो, त्या ठरावीक निकषांत बसल्यास मोटार वाहन या व्याख्येतच येत नाहीत. ‘लायसन लागत नाही’ असे विक्रेत्याने सांगितल्यास त्याच्या शब्दावर न जाता गाडीच्या मान्यतेची कागदपत्रे मागावीत. वेगाची मर्यादा काढून दिलेली गाडी या सवलतीत राहत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९ अ पालकांनी स्वतः वाचावे असे आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला न विचारता गाडी नेली’ असे म्हणणाऱ्या पालकाला ते सिद्ध करावे लागते, त्यामुळे किल्ली फ्रिजवर ठेवून केलेली ताकीद पुरेशी नसते. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, तेव्हा जामिनासोबत घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाची चर्चा देशभर झाली. त्या मुलाच्या वडिलांवर आणि त्याला मद्य देणाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

मद्याविषयी महाराष्ट्राचा नियम थोडक्यात असा की सौम्य बिअर व वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे. तंबाखूची विक्री १८ वर्षांखालील व्यक्तीला करता येत नाही, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच करता येत नाही. घरातील मोठ्यांनी मुलाला टपरीवर पिटाळून पुडी मागवणे बंद करावे, एवढे यातून पालकांसाठी निघते.

सुट्टीतील काम

दहावीच्या सुट्टीत चार पैसे मिळवावेत असे वाटणे चांगलेच आहे, आणि कायदाही त्याला सरसकट मनाई करीत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या बदलानंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या व्यवसायात मदत करणे आणि काही अटींवर बालकलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. १४ ते १८ या वयोगटाला खाणी, स्फोटके व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया वगळता काम करता येते.

काम स्वीकारण्यापूर्वी मालकाशी तासांचे बोलणे स्पष्ट करावे. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, त्यानंतर किमान एक तासाची विश्रांती द्यावी लागते, आणि विश्रांती व कामाची वाट पाहण्याचा वेळ धरून दिवसाची एकूण मर्यादा सहा तासांची आहे. सायंकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही, जादा वेळ नाही, आठवड्याला एक पूर्ण सुट्टी आहे. या चौकटीत लग्नसराईतील रात्रीचे वाढपी काम बसत नाही, हे कॅटरिंगवाल्यांना ठाऊक असते आणि मुलांना नसते. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे किंवा १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर करता येते.

सही, पैसा आणि सातबारा

करार अधिनियम, १८७२ नुसार अज्ञान, म्हणजे १८ वर्षे पूर्ण न झालेली, व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि तिने केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी झालेलाच नाही असा, असतो, हे प्रिव्ही कौन्सिल या ब्रिटिशकालीन सर्वोच्च अपील न्यायालयाने १९०३ साली ठरवून दिले. त्यामुळे क्लासच्या अर्जावर किंवा मोबाइलच्या हप्त्यांच्या कागदावर सतरा वर्षांच्या मुलाने केलेली सही त्याला बांधत नाही. अशी जुनी सही कोणी अठराव्या वाढदिवसानंतर ‘कायम’ करून मागितली तर ती देऊ नये. शून्य करार नंतरच्या होकाराने जिवंत होत नाही, व्यवहार खरोखर हवा असेल तर तो नव्याने करावा. बँकेचे खाते मात्र दहाव्या वर्षापासून, बँकेने ठरवलेल्या मर्यादेत, स्वतः चालवता येते. १८ पूर्ण होताच नव्या सहीचे नमुने बँकेत द्यावे लागतात.

शेतजमिनीबाबत अधिक सावध राहावे. वडील वारल्यानंतर वारसांत अज्ञान मूल असेल तर सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असा शेरा लागून पालकाचे नाव येते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मालमत्ता न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता, गहाण टाकता किंवा बक्षीस देता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील अविभक्त हिश्शाला मात्र हे कलम लागू होत नाही, आणि गावाकडचे बहुतेक वाद नेमके या सीमारेषेवरच उभे राहतात. परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द करून घेण्यासाठी दावा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत, म्हणजे २१ व्या वाढदिवसापूर्वी दाखल करावा लागतो. ही मुदत उलटल्यावर वकिलाकडे येणारे तरुण पुष्कळ असतात. म्हणून सतराव्या वर्षीच आपल्या नावाचे सातबारा आणि फेरफार उतारे काढून पाहावेत.

लग्न, संबंध आणि पोलीस

मुलीचे १८ आणि मुलाचे २१ वर्षांखालील लग्न हा बालविवाह होय. मुलींची मर्यादा २१ करण्याचे विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत आले होते, पण ते मंजूर न होताच बारगळले. घरात असे लग्न ठरत असेल तर मुलीने स्वतः, तिच्या मैत्रिणीने किंवा शिक्षकाने १०९८ वर कळवावे, अथवा गावातील ग्रामसेवक यांना सांगावे, कारण ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. न्यायदंडाधिकारी मनाईहुकूम देऊ शकतात आणि तो मोडून लावलेले लग्न शून्य असते. लग्न होऊन गेलेले असले तरी ते रद्द करण्यासाठी मुलीला सज्ञान झाल्यानंतर आणखी दोन वर्षे, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, जिल्हा न्यायालयात अर्ज करता येतो.

पोक्सो, म्हणजे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, २०१२ प्रमाणे १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक असून लैंगिक संबंधांना तिने दिलेली संमती कायदा मानत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या दोघांच्या प्रेमप्रकरणातही गुन्हा नोंदला जातो, हे दोन्ही घरांना उशिरा कळते. या कायद्याने सर्वांना एकाच तागडीत तोलले आहे, असे अनेक न्यायाधीशांनीही बोलून दाखवले आहे आणि मलाही तसेच वाटते, परंतु तो बदलेपर्यंत तो असाच लागू आहे. दुसरीकडे, अत्याचार झालेल्या मुलाला याच कायद्याने मोठे संरक्षण दिले आहे. जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा लागतो, अधिकारी गणवेशात नसावा, आणि बालकाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, मग माहिती असणारा मुख्याध्यापक असो वा डॉक्टर.

मुलावरच आरोप असेल आणि पोलिसांनी त्याला नेले असेल, तर पालकांनी ठाण्यात जाऊन बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत हे आधी विचारावे. प्रत्येक ठाण्यात असा अधिकारी नेमलेला असतो. वयाचा दाखला सोबत न्यावा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते, आणि त्याचे नाव, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही. नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवू नयेत, हे त्याच नियमात येते. वय १६ ते १८ आणि गुन्ह्याची किमान शिक्षा सात वर्षे किंवा अधिक असेल, तरच मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवावा का याचा विचार मंडळ प्राथमिक मूल्यांकनानंतर करते.

१८ पूर्ण होण्याआधी काय करता येते

माहितीचा अधिकार कायदा ‘नागरिक’ एवढीच अट घालतो, वयाची घालत नाही. आपल्या शाळेला मिळालेल्या अनुदानाचे काय झाले, गावातील अभ्यासिका का बंद आहे, असे प्रश्न पंधरा वर्षांची मुलगीही दहा रुपयांचा मुद्रांक लावून जनमाहिती अधिकाऱ्याला विचारू शकते, आणि त्याने ३० दिवसांत उत्तर द्यायला हवे. हक्कभंगाची तक्रार महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही करता येते.

मतदार यादीसाठी सतरा वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरून ठेवता येतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे ज्या दिवशी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात ती तारीख, होती. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि अठरावा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या तिमाहीत नाव यादीत येते. सातबाऱ्यावरील अ.पा.क. शेरा मात्र आपोआप निघत नाही. त्यासाठी ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठी कार्यालयात वयाच्या पुराव्यासह अर्ज द्यावा लागतो, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून शेरा खरोखर गेला आहे का हे पाहावे लागते.