चार घरांची विहीर, एक मोटर: तेवढ्याच विजेत जास्त पाणी

इंदूरहून आम्ही शेती पाहायला जातो ती सांवेरकडची विहीर चार घरांची आहे. मोटर एकच, पाच एचपीची. बिल एचपीवर येतं, म्हणून वीज वाया गेली तरी कुणाच्या खिशाला कळत नाही. कळतं ते पाणी देण्याची पाळी लांबते तेव्हा.

मोटर बदलायची घाई करू नका. आधी मोजा. पाणी पडतं तिथे 200 लिटरचा ड्रम ठेवा आणि तो किती सेकंदांत भरतो ते पाहा. 40 सेकंद लागले, तर तासाला 18,000 लिटर. मीटर असेल आणि त्यावर तासाला साडेचार युनिट पडत असतील, तर 1,000 लिटरला पाव युनिट झालं. 20 मीटर खोलीवरून 1,000 लिटर नुसतं उचलायला साधारण 0.055 युनिट लागतं. पंप-मोटरमधली तूट धरून चांगल्या सेटला याच्या दुप्पट. म्हणजे निम्म्याहून जास्त वीज फुकट जातेय. हाच ड्रम विहिरीच्या तोंडाशी आणि सगळ्यात लांबच्या वावरात, दोन्हीकडे लावा. फरक मोठा आला, तर दोष पाइपात आहे.

आणि बहुतेक वेळा तो पाइपातच असतो. अडीच इंचाच्या जागी तीन इंची पाइप टाकला, की तेवढ्याच पाण्याला घर्षण जवळजवळ चाळीस टक्क्यांवर येतं. काटकोनी एल्बो काढून लांब बेंड बसवा. फूटव्हॉल्व्हची, म्हणजे विहिरीत बुडलेल्या पाइपाच्या टोकावरच्या झडपेची, जाळी साफ करा. पाइपाचं तोंड हौदाच्या वर उगीच हातभर उंच धरलेलं असतं, ते खाली आणा. ती उंचीसुद्धा मोटरच चढते. कपॅसिटर वायरमनकडून तपासून घ्या.

खर्चावरून भांडण होतं ते इथेच. विहिरीजवळचा म्हणतो, "लांबच्या पाइपाचे पैसे मी का देऊ?" माझं ठाम मत आहे की मुख्य लाइनचा खर्च चौघांनी जमिनीच्या हिश्शाप्रमाणे द्यावा, वावरातला ज्याचा त्याने. वीज ठरावीक तासच येते. लांबच्याची पाळी लवकर संपली, तर जवळच्यालाही मोटर लवकर मिळते. हे वहीत आकडे मांडून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही.

पाटाने पाणी देत असाल, तर एका पाटावरच्या पाळ्या लागोपाठ ठेवा. आपल्या काळ्या मातीला सुकल्यावर भेगा पडतात, आणि कोरडा पाट पहिलं पाणी स्वतःच पितो.

गव्हाला 21 दिवसांच्या सुमारास, मुकुटमुळं फुटताना, पाणी लागतंच, आणि ते सगळ्यांना एकदम हवं असतं. म्हणून पेरणीआधीच बसून चारही घरांच्या पेरण्या तीन-चार दिवसांच्या अंतराने ठरवा. आणि स्टार्टरवरचा ऑटो स्विच काढून टाका. लाइट आली की डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, आणि भर हंगामात ट्रान्सफॉर्मर जळतो.